पाठ केलेले हक्क

तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली एक अर्जनवीस बसतो. पत्र्याची पेटी, तिच्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, अंगठ्यासाठी शाईचे पॅड आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगता बाक. त्याचे आजोबाही याच धंद्यात होते. ते निजामाच्या अमदानीत उर्दूत दरखास्त लिहीत. वडील कन्नडमध्ये अर्जी लिहू लागले आणि हा गृहस्थही तेच करतो. राज्य बदलले, राजभाषा बदलली, दरखास्तीची अर्जी झाली. बाकावरचे गिऱ्हाईक मात्र तेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जागेची पहाणी काढायला गेलो असता त्या बाकावर माझा एक जुना विद्यार्थी बसलेला दिसला. मला पाहताच तो उठला, वाकून नमस्कार केला. अतिवृष्टीने तूर गेली होती आणि भरपाईच्या यादीत त्याचे नाव आले नव्हते. “तक्रार द्यायची आहे सर, लिहून घ्यायलोय,” म्हणाला. लिहिणावळ शंभर रुपये.

हा मुलगा एस.एस.एल.सी.ला समाजविज्ञानात वर्गात पहिला आला होता. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण, अधिकारपृच्छा हे पाचही प्राधिलेख त्याने तपासणीला आलेल्या साहेबांपुढे एका दमात म्हणून दाखवले होते आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. मी तिथेच त्याला विचारले, सर्वोच्च न्यायालयाकडे दाद कोणत्या कलमाखाली मागतात? “बत्तीस,” तो हसत म्हणाला. विसरला नव्हता. पण तहसीलदाराकडे दाद कशी मागायची हे त्याला येत नव्हते. कारण ते मी शिकवलेच नव्हते.

तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे. तो काही सहव्यवसायी बंधूंना रुचणार नाही आणि सीमाभागातल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही रुचणार नाही. त्यांची क्षमा मागून लिहितो. आरोपीच्या पिंजऱ्यात मी स्वतःही उभा आहेच.

आमच्या दहावीच्या समाजविज्ञानात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन अशी सहा अंगे एकाच पेपरात कोंबलेली आहेत. त्यात राज्यशास्त्राच्या वाट्याला जे काही येते, त्याची आम्ही मास्तर मंडळी प्रश्नोत्तरे करून देतो. मूलभूत हक्क किती? सहा. सात लिहिले की गुण कापायचा. सातवा मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या यादीतून का गेला, गेल्यामुळे धरणात जमीन गेलेल्या कुळाचे काय झाले, हे विचारायला वेळ नाही. पोर्शन संपवायचा असतो. मूलभूत कर्तव्ये मात्र आम्ही भिंतीवर रंगवून घेतो. मी नोकरीनिमित्त ज्या ज्या शाळांत गेलो तिथे व्हरांड्यात कलम ५१-क ठळक अक्षरांत पाहिले. हक्कांचा तिसरा भाग भिंतीवर रंगवलेली शाळा मला अजून दिसायची आहे. ही कर्तव्ये घटनेत १९७६ साली आली, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा हक्क गुंडाळून ठेवलेले होते. हा योगायोग मुलांना सांगावा असे आम्हाला वाटत नाही. कर्तव्य शिकवणे सोपे पडते. त्याने वर्गात शांतता राहते.

२०२३ पासून आपल्या राज्यात शाळेच्या परिपाठाला घटनेच्या उद्देशिकेचे वाचन होते. महाराष्ट्रातही तशी प्रथा आहे. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. पण “विचार, अभिव्यक्ती” म्हणून संपते न संपते तोच मागच्या ओळीत कुजबुजणाऱ्याच्या पाठीत आमचा पी.टी. मास्तर धपाटा घालतो. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांना बंदी आहे, हे त्या मास्तरांना ठाऊक आहे आणि मलाही. मार खाणाऱ्या पोराला मात्र ते कुणी सांगितलेले नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय?

हे सगळे याच मातीत घडावे याचे मला अधिक वाईट वाटते. आपले आजोबा नागरिक नव्हते, रयत होते. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ आडवे येई, सरकारची आगाऊ परवानगी लागे. उच्च शिक्षण उर्दूतून. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच ते होते. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि कचेरीत उर्दू अशी तऱ्हा. अशा काळात या मुलखातल्या काही शाळांनी, नागरिक हा शब्दही कायद्यात नसताना, नागरिक घडवले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे. आणि स्वामी रामानंद तीर्थ मुळात कोण? शाळामास्तर. कन्नड मुलखात सिंदगीला जन्मलेला हा माणूस हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होता. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि हे हेडमास्तर सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानियाच्या वसतिगृहांतली मुले काढून टाकली गेली. त्यांतल्या कित्येकांना पुढे नागपूरने आसरा दिला. ती मुले कोणत्याही पेपरात हक्क किती ते लिहून आली नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. २६ जानेवारी १९५० ला आपण कागदोपत्री नागरिक झालो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत गुलबर्ग्याच्या मतदारांनी, ज्यांतल्या बहुतेकांना सही येत नव्हती, याच स्वामीजींना लोकसभेवर पाठवले. शाळामास्तराला! एवढा वारसा पाठीशी असताना आमच्या शाळा आतून निजामीच राहिल्या. वरून हुकूम येतो, आम्ही तो खाली ढकलतो, मुले ‘यस सर’ म्हणतात. परिपत्रक हा आमचा फर्मान आणि छडी आमचा कोतवाल.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आता सांगतो. एका शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होती. खरी निवडणूक: चिठ्ठ्या, खोक्याची पेटी, मतदारयादी सगळे. मुले आठवडाभर झपाटलेली. दोन उमेदवार उभे. एक गावातल्या वाड्यातला, इस्त्रीच्या कपड्यातला. दुसरा शाहाबादी फरशीच्या खाणीवर काम करणाऱ्या बाईचा मुलगा, राहायला गावाबाहेरच्या वस्तीत. मतमोजणी हेडमास्तरांच्या खोलीत मी केली. खाणीवरचा मुलगा अकरा मतांनी निवडून आला. साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पंधरा ऑगस्टला पाहुण्यांचे स्वागत कोण करणार? बोलता यायला हवं ना.” त्यांनी मला काही करायला सांगितले नाही. मीच बाहेर जाऊन दुसरे नाव जाहीर केले.

तो मुलगा काही बोलला नाही. त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण त्या दिवशी त्या वर्गातली साठ मुले जे नागरिकशास्त्र शिकली ते त्यांना आयुष्यभर पुरले असेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण समान होऊ आणि सामाजिक जीवनात विषमता तशीच राहील, ही विसंगती फार काळ ठेवली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. मी हे भाषण एम.ए.ला अभ्यासले होते. त्यावर मला चांगले गुण होते.

आता त्या मुलीची गोष्ट, जिच्यामुळे माझे डोळे थोडेफार उघडले.

सहा वर्षांपूर्वी मी आळंद तालुक्यातल्या एका गावी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला आम्ही कुलूप घालत असू. पाण्याची टंचाई, शिवाय रात्री गावातले लोक घाण करतात, म्हणून किल्ली स्टाफरूमच्या खिळ्याला. मुलींनी येऊन मागायची. पुरुष शिक्षकांनी भरलेल्या खोलीत येऊन चौदा वर्षांची मुलगी कशाची किल्ली मागणार? आमच्या कुणाच्या हे ध्यानातही आले नाही. शपथेवर सांगतो, दुष्टपणा नव्हता. विचार करण्याची सवयच नव्हती. मुली दिवसभर पाणी पीत नसत, हे मला फार उशिरा कळले.

नववीतल्या एका मुलीने माझ्या हातात वहीचे पान दिले. वर तारीख, मग ‘विषय’, मग मजकूर. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असावे असे शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे आणि सर्व शाळांना ते असावे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश आहे, तर कुलूप कोणत्या नियमाने घातले आहे, एवढाच प्रश्न. शेवटी ‘उत्तर लेखी मिळावे ही विनंती.’ अक्षर बरे होते. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी तिला दाखवल्या! आणि म्हणालो, “अगं, तू शिकायला येतेस की वकिली करायला?” स्टाफरूममध्ये हशा पिकला. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये गेला.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायची असते. ‘मक्कळ ग्रामसभे’ म्हणतात तिला. बहुतेक ठिकाणी ती फोटोपुरती होते. मुलांना बिस्किटे, अध्यक्षांना हार. त्या वर्षी आमच्या गावची सभा शाळेच्याच पटांगणात होती. कुणाला काही विचारायचे आहे का, असे पी.डी.ओ. साहेबांनी रिवाजाप्रमाणे म्हटले आणि ती मुलगी उठली. स्वच्छ कन्नडमध्ये बोलली. मराठी शाळेतली, मराठी घरातली मुलगी. तिच्या कन्नडमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, ‘हक्कु’. मी तेव्हा रागाने लाल झालेलो असतानाही मनात आले की हा शब्द आपल्या जिल्ह्यात तिन्ही भाषांत एकच आहे. उर्दूत हक, मराठीत हक्क, कन्नडमध्ये हक्कु. साहेबांनी भर सभेत मला विचारले, हेडमास्तर, अर्ज आला होता का? दोनशे माणसांसमोर मला ‘होय’ म्हणावे लागले.

त्या रात्री मी बापाला बोलावून घ्यायचे ठरवले होते. बोलावण्याची गरज पडली नाही. सकाळी शाळा उघडायच्या आत तो फाटकाशी उभा होता. वीटभट्टीवर काम करणारा माणूस, टॉवेल हातात धरलेला. “लेकरू आहे सर, चुकलं. माफ करा. शाळेतून नाव काढू नका,” असे म्हणून तो माझ्या पायाकडे वाकला.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे ते त्या फाटकापाशी आहे. मुलीने एक सार्वजनिक प्रश्न विचारला, तोही सनदशीर मार्गाने, योग्य भाषेत, योग्य व्यासपीठावर. आणि तिच्या बापाला त्याची माफी मागावीशी वाटली. तो माफी मागतो आहे हे मला आधी योग्यच वाटले. तिचे काही चुकलेले नाही, हे त्याला सांगायला मला पुरा मिनिटभर लागला. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते. आठवड्याच्या आत कुलूप निघाले आणि पंचायतीने पाण्याची टाकी बसवली. ती मुलगी आता गुलबर्ग्याला नर्सिंग करते.

यानंतर मी वर्गात निराळ्या रीतीने शिकवू लागलो. दहावीला मी बिजो इम्मॅन्युएल खटला सांगतो. केरळमधली तीन भावंडे. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ साली शाळेने त्यांना काढून टाकले. केरळच्या उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. पहिल्यांदा निकाल न सांगता मी विचारले, शाळेचे बरोबर की मुलांचे? तास संपला तरी भांडण संपेना. बहुतेकांचे मत शाळेच्या बाजूने होते आणि मी ते खोडून काढले नाही. निकाल दुसऱ्या दिवशी सांगितला. तेव्हा एका पोराने विचारले, “मग सर, प्रार्थनेला हात न जोडणाऱ्याला आपण पट्टी मारतो, ते कसं?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पट्टी त्या दिवसापासून कपाटात गेली.

काही मुख्याध्यापक मित्र म्हणतात, अशाने शिस्त जाईल, शाळेत राजकारण शिरेल, निकाल घसरेल. राजकारण शाळेत आधीच आहे हो! गॅदरिंगला हार कुणाला घालायचा आणि पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसतो, हे राजकारण नाही तर काय? निकालाचे म्हणाल तर सत्त्याण्णव टक्के निकाल लावणाऱ्या शाळेतूनच माझा तो तुरीवाला विद्यार्थी बाहेर पडला. मुलाशी संबंधित बाबतीत त्याचे म्हणणे ऐकले जावे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहे आणि भारताने ती १९९२ साली स्वीकारली. म्हणजे हे माझे खूळ नव्हे.

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे येतो. हा अंक वाचणारी बहुतेक घरे मराठी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. गुलबर्गा इकडेच आला. ज्यांनी त्या प्रश्नासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तेव्हा जन्मलेले मूल आज सत्तरीला टेकले आहे. एवढ्या वर्षांत आपण हक्क हा शब्द फक्त ठरावात आणि भाषणात वापरला. तो वापरण्याचे काम पुढाऱ्यांवर सोपवले, जसा तो विद्यार्थी अर्ज अर्जनवीसावर सोपवतो.

घटनेचे कलम ३५० किती घरांत माहीत आहे? गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. मराठीतला कागद केवळ मराठीत आहे म्हणून परत फेकता येत नाही. (उत्तर मात्र मराठीतच यावे असे ते कलम म्हणत नाही, हेही समजून घ्यावे.) ३५०-क हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. त्याचे व्यवहारातले माप १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासूनचे आहे: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले. हे ‘चाळीस आणि दहा’ ज्या गावात मराठी वर्ग बंद पडतो आहे तिथल्या पालकांना तोंडपाठ हवे. ३५०-ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र आयुक्त आहे. त्याचे विभागीय कार्यालय बेळगावला काढले गेले. मी एका विवाहसमारंभात जमलेल्या वीस-पंचवीस शिकलेल्या मंडळींना विचारले, कुणी त्या आयुक्ताला कधी एक पत्र तरी लिहिले आहे का? एकानेही हात वर केला नाही. सीमाप्रश्नावर मात्र सगळे तासभर बोलले.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारच्याच खटल्यात निकाल दिला की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवणार आणि प्राथमिक शाळेवर सरकारला माध्यम लादता येणार नाही. केवढा मोठा हक्क हाती आला! आणि आपण तो वापरून काय केले? नातवाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवले आणि संध्याकाळी मराठी शाळा वाचवा म्हणून सभेला गेलो. शाळा काही सगळ्या सरकारने मारल्या नाहीत.

कन्नडविषयीही बोलायला हवे. आपल्यातल्या काहींना वाटते की पोराने कन्नड उत्तम शिकणे म्हणजे शरणागती. महाराष्ट्रात गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळेने मराठीची सक्ती नको म्हणून दाद मागितली, तेव्हा २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्ती उचलून धरली. ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा आली पाहिजे, हा त्यातला विचार. तेव्हा आपण माना डोलावल्या. मग इकडे तोच न्याय का नको? ती मुलगी सभेत कन्नड बोलली म्हणून कुलूप निघाले. तिच्या मनातला विचार मराठी पुस्तकातून आलेला होता. दोन्हींपैकी एकही नसते तर ती किल्ली आजही खिळ्यालाच टांगलेली असती.

एक साधी गोष्ट घ्या. माहितीच्या अधिकारात कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. फी दहा रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. कायद्याप्रमाणे तो इंग्रजीत, हिंदीत किंवा इथल्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये द्यायचा. आम्ही मुलांकडून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ तीन पाने लिहून घेतो. दीडशे शब्दांत, एका विषयावर, कन्नडमध्ये, तारीख आणि सही घालून एक प्रश्न विचार, असे आम्ही दहा वर्षांच्या शालेय जीवनात एकदाही सांगत नाही.

आणि ३७१-ञ? २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने आलेले हे कलम आपल्या सगळ्या भागाला शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा देते. सरकारने २०१९ मध्ये या भागाचे नाव कल्याण कर्नाटक केले. तो हक्क जन्माने किंवा रहिवासाने मिळतो, भाषेने नाही. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, कोणतेही घर असो. त्यासाठी असिस्टंट कमिशनरांकडून पात्रतेचा दाखला घ्यावा लागतो. दरवर्षी निकालानंतर पालक माझ्याकडे धावत येतात, “सर, ते हैदराबाद-कर्नाटकचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?” मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. मूल आठवीत असताना हे कुणी विचारले नाही, आणि मीही आठवीत सांगितले नाही.

आताच्या शाळेत मी एक आवक-रजिस्टर ठेवले आहे, विद्यार्थ्यांच्या अर्जांसाठी निराळे. अर्ज मराठीत किंवा कन्नडमध्ये, विषय एक, खाली सही. निनावी चालत नाही. पोच लगेच, आठ दिवसांत लेखी उत्तर, जावक क्रमांकासह. स्टाफमधल्या दोघांनी याला ‘हेडमास्तरांचा कोर्ट’ असे नाव ठेवले आहे. पहिले तीन महिने सगळे अर्ज क्रिकेटच्या बॅटीबद्दल होते. एक तर चक्क मॅचसाठी सुट्टी मिळावी म्हणून होता. तो मी कारणे देऊन फेटाळला, आणि कारणे पटली नाहीत म्हणून त्यांनी शाळा समितीकडे अपील केले! समितीनेही फेटाळले. मुले खूश होती, का कोण जाणे.

मग हळूहळू अर्ज बदलले. एकीने विचारले की स्कॉलरशिपची रक्कम मुलीच्या खात्यावर येते, मग पासबुक शाळेच्या कपाटात का? पासबुके दुसऱ्या दिवशी वाटली. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलाचा अर्ज आला. अक्षर वाकडेतिकडे, अर्धे कन्नड, अर्धे मराठी. सोमवारी शहराहून येणारे सर पहिल्या तासाला कधीच का नसतात आणि तो तास भरून कधी काढणार, एवढेच त्यात विचारले आहे. ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते सर माझे चांगले स्नेही आहेत, आणि त्यांची बस खरोखरच उशिरा येते. अर्जाची पोच मी दिली आहे. उत्तराची मुदत शुक्रवारी संपते. तीन मसुदे करून झाले, अजून एकही धड जमलेला नाही.